गुरुवारचं मीठ: कार्दोनाच्या गडावर

बुधवार

"मावशी, तुझा गड आज धुक्यात गेला," बसच्या खिडकीची काच बाहीने पुसत भाचा म्हणाला. काच पुसून काही उपयोग नव्हता, धुकं बाहेर होतं. मला सज्जनगड आठवला. श्रावणात पायथ्याशी उभं राहिलं की वर गड आहे हे रिक्षावाला सांगतो म्हणून मानायचं, तसंच हे.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. मी साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. भाचा बार्सिलोनात नोकरीला. पहिले काही दिवस त्याने मला गाउदीचं चर्च, बाजार, समुद्र असं सगळं रीतसर दाखवलं. पण एकाच जागी हजार वर्षांपूर्वीचा गड, त्याच्या माथ्यावर तितकंच जुनं चर्च आणि पायथ्याला चक्क मिठाचा डोंगर असल्याचं कळल्यावर मी हट्टच धरला. गावाचं नाव कार्दोना, बार्सिलोनाच्या वायव्येला नव्वदेक किलोमीटरवर.

सकाळी प्लासा एस्पान्याहून मान्रेसाची गाडी धरली. वाटेत मोन्सेरातचा डोंगर लागतो. मोन्सेरात म्हणजे करवती डोंगर, आणि खरोखरच करवतीचे दाते उभे करून ठेवावेत तसे सुळके आहेत. तो ओलांडेपर्यंत लख्ख ऊन होतं. पलीकडे उतरलो आणि धुक्याच्या कढईत पडलो. हिवाळ्यात या मधल्या खोऱ्यांत असंच असतं, कधीकधी आठवडाभर सूर्य दिसत नाही, असं डब्यातल्या एका आजींनी भाच्याला सांगितलं. त्या अगदी निवांत होत्या. धुकं म्हणजे जणू त्यांच्या घरचाच माणूस.

मान्रेसाला मी मुद्दाम उतरले. पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला १५२२ साली इथे आला आणि नदीकाठच्या एका कपारीत ध्यान करत वर्षभराच्या आसपास राहिला. जेझुइट पंथाचं बीज तिथलं. त्याच्या पहिल्या सोबत्यांपैकी एक फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जीझसमध्ये आहे. लहानपणी आजोळच्या गोवेकर शेजारणीबरोबर मी त्या रांगेत उभी राहिले होते. आता त्या कपारीवर संगमरवर, मोझॅक आणि मोठं थोरलं चर्च चढलंय. मूळ खडक शोधावा लागतो. तो सापडला, पण शोधण्याच्या नादात कार्दोनाची बस गेली. चूक सर्वस्वी माझी. पुढची बस दीड तासाने. भाच्याने एक शब्द काढला नाही, फक्त घड्याळाकडे जरा जास्त वेळ बघितलं.

बस सुरियावरून जाते. तिथे धुकं क्षणभर फाटलं आणि उजवीकडे एक पांढराफेक ढिगारा दिसला, चांगला टेकडीएवढा. मला वाटलं, हाच तो मिठाचा डोंगर. भाचा म्हणाला, "नाही गं, तो खाणीचा उकिरडा." सुरियात खतासाठी लागणाऱ्या पोटॅशची खाण अजून चालू आहे. पोटॅश काढून घेतल्यावर जे मीठ उरतं ते बाहेर आणून ओततात. ज्या मिठासाठी एके काळी गड बांधले, त्याचा आज उकिरडा झालाय, ही गंमत दोन दिवस माझ्या डोक्यात फिरत राहिली.

कार्दोनाला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. जेवायला एस्कालिवादा मागवली. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं आणि लाल ढोबळी मिरची सोलून लांब लांब फाडलेली, वर ऑलिव्हचं तेल. भरीतच, फक्त कुणी ठेचायला विसरलंय. पावावर पिकला टोमॅटो चोळून देतात तेही छान. पोटभर खाऊन घेतलं, कारण दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि उपास होता.

गुरुवार

सकाळी खिडकी उघडली आणि गड समोर. रात्रभर तो डोक्यावर उभा होता आणि आम्हांला पत्ता नव्हता. गाव अजून धुक्यात, नदी धुक्यात, आणि त्यावर एक शंकूसारखी टेकडी, टेकडीवर तांबूस-पिवळ्या दगडाचा पसारा. उपासाचा राजगिऱ्याचा लाडू हातात धरून मी पाच मिनिटं तशीच उभी होते.

गावातून वर चढायला वीस मिनिटं पुरतात. माझ्या गुडघ्यांना पस्तीस लागली. सह्याद्रीतले गड चढून डोळा एका प्रकारे तयार झालेला असतो. दरवाजा कुठे दडवलाय, वाट कुठे वळवून अंगावर घेतलीय, टाकी कुठे आहेत, हे आपण न ठरवता शोधू लागतो. इथे पहिल्यांदा भेटतात ते बुरूज आपल्या ओळखीचे नाहीत. ते गोल नाहीत, उंचही नाहीत. बुटके, जाड, भाल्याच्या पात्यासारखे टोकदार कोन काढून बसलेले. सतराव्या-अठराव्या शतकांत तोफांच्या माऱ्यासाठी केलेलं हे बांधकाम मध्ययुगीन गडाला बाहेरून गुंडाळलेलं आहे. मध्ययुग बघायचं तर या वेढ्यातून वर जावं लागतं. चढता चढता शतकं मागे जातात, ही मला आवडलेली पहिली गोष्ट.

गडाची सुरुवात ८८६ सालची सांगतात. बार्सिलोनाचा काउंट गिफ्रे, ज्याला सगळे 'केसाळ' गिफ्रे म्हणतात, त्याने हे ठाणं बसवलं. त्या वेळी ही सरहद्द होती. दक्षिणेला मुसलमानी राज्य, उत्तरेला फ्रँकांचं, आणि मध्ये ओसाड, धोक्याची जमीन. अशा जागी गड बांधता येतो, पण माणसं कुठून आणायची? याचं उत्तर मला या सहलीतलं सर्वांत आवडतं कागदपत्र देऊन गेलं. ९८५ साली दक्षिणेच्या त्या मुसलमानी राज्याचा सेनापती अल मन्सूर याने बार्सिलोना लुटलं, जाळलं. पुढच्याच वर्षी, ९८६ मध्ये, काउंट बोरेलने कार्दोनाच्या रहिवाशांना सनद दिली. गिफ्रेनेही आधी दिली होती, ही तिची वाढीव आवृत्ती म्हणा. त्यात म्हटलंय की तुमच्यात कुणी गुलाम किंवा दासी पळून आली, कुणी दुसऱ्याची बायको किंवा वाग्दत्त वधू घेऊन आला, कुणी हुशार चोर, कुणी खोटी नाणी किंवा कागद करणारा, कुणी गुन्हेगार आला, तरी तो तुमच्यात निर्धास्त राहील.

मी हे भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या कंपनीसारखंच. कुठून आलास विचारायचं नाही, काम करतोस का ते बघायचं."

'हुशार चोर' हा शब्द मला फार भावला. लॅटिन सनदेतही तो तसाच आहे. साधा चोर नको, हुशार हवा! सरहद्दीवर टिकायचं तर बुद्धी लागणारच.

आणि त्याच सनदेत मीठ आहे. मिठाचा मालक गडाचा धनी, पण आठवड्यातला एक दिवस गावकऱ्यांचा. तो दिवस गुरुवार. गुरुवारी गावातल्या माणसाने मीठ आपलं म्हणून घ्यावं. मी ज्या दिवशी गडावर उभी होते तोही गुरुवारच, आणि पर्समध्ये उपासाचं सैंधव एका छोट्या डबीत होतं. मी जमवून आणलेला योग नव्हता, पण आता जुळलाच आहे तर जोडून घेते. आमच्या गुरुवारी लक्ष्मी, त्यांच्या गुरुवारी मीठ. त्या काळात दोन्ही एकच.

कारण बर्फाची पेटी नसलेल्या जगात मीठ म्हणजे साठवण. डुकराचं मांस, मासे, चीज, कातडी कमावणं, जनावरांचं चाटण, सगळं मिठावर अडलेलं. समुद्रापासून इतकं आत डोंगरातून मीठ आपोआप वर आलेलं, तेही खणून तोडावं इतकं शुद्ध, असं ठिकाण ज्याच्या हातात त्याला जमिनीच्या महसुलाची फिकीर नव्हती. कार्दोनाच्या सरदारांना 'मिठाचे धनी' म्हणत. पुढे ते व्हायकाउंटचे १३७५ मध्ये काउंट झाले, १४९१ मध्ये ड्यूक झाले, आणि या मुलखावर राज्य करणाऱ्या आरागोनच्या राजाखालोखाल श्रीमंत म्हणून 'मुकुट नसलेले राजे' ही ओळख मिळाली. गडाचे तट दगडाचे आहेत, पण त्यांचा खर्च मिठाने केलेला आहे.

चर्चसाठी मार्गदर्शकाबरोबरच जावं लागलं. सगळी माहिती कातालान भाषेत, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या कातालोनियाच्या भाषेत. भाचा कुजबुजत मराठी करत होता, तेवढ्यात एका फ्रेंच जोडप्याने त्यालाच मार्गदर्शक समजून प्रश्न विचारला.

सान्त विसेन्स, म्हणजे संत व्हिन्सेंट. १०१९ साली व्हायकाउंट बेर्मोनने गडावरचा विस्कटलेला पाद्री-समुदाय पुन्हा बसवायचं मनावर घेतलं. सल्ला दिला ऑलिबाने, जो रिपोलचा मठाधिपती आणि विकचा बिशप होता आणि त्या काळच्या कातालोनियातल्या बहुतेक चांगल्या बांधकामांमागे ज्याचा हात सापडतो. बांधकाम १०२९ च्या सुमारास उभं राहू लागलं आणि १०४० मध्ये अभिषेक झाला. तोवर बेर्मोन गेला होता. अभिषेक केला त्याच्या भावाने, उर्खेलचा बिशप एरिबाउने. म्हणजे गड एका भावाकडे, धर्म दुसऱ्याकडे, मीठ दोघांत.

आत पाऊल टाकलं आणि मी काही वेळ गप्प झाले, जे माझ्या बाबतीत क्वचित होतं. काही नाही आत. खरंच काही नाही. रंग नाही, सोन्याची वेदी नाही, मूर्तींची गर्दी नाही, खांबांच्या माथ्यावर पानं-फुलंही कोरलेली नाहीत. फक्त दगड. त्यातही मोठमोठे चिरे नाहीत, लहान लहान, हातोडीने साधारण चौकोनी केलेले तुकडे, ओळीने लावलेले. मधली मार्गिका अर्धगोल कमानीच्या छताखाली उंच जाते. दोन्ही बाजूंच्या मार्गिका बुटक्या. मोठ्या मार्गिकेच्या एका खणाला बाजूच्या मार्गिकेत तीन छोटे खण येतात. एक लांब पावलाला तीन छोटी पावलं. मुलाचा हात धरून चालणाऱ्या बापासारखी चाल आहे ही. वेदीच्या आधी अष्टकोनी घुमट, त्यातून येणारा उजेड थेट खाली न पडता आधी भिंतींवर टेकतो.

लोंबार्डीहून आलेल्या गवंड्यांच्या पद्धतीचं हे काम. बाहेरच्या भिंतींवर उभ्या पट्ट्या आणि वर छोट्या आंधळ्या कमानींची माळ, ही त्यांची सही. इटलीच्या उत्तरेकडून हे कसब डोंगर ओलांडून कातालोनियात आलं आणि कार्दोनात सर्वांत नीट उतरलं, असं जाणकार मानतात. मला शैलीचं फारसं कळत नाही. पण हेमाडपंती देवळात चुन्याशिवाय दगड दगडावर बसतो ते बघून जसं वाटतं, की करणाऱ्याला कुणाला दिपवायचं नव्हतं, तसं वाटलं. नीट बसवायचं होतं, बसवलं.

वेदीचा भाग उंचावर आहे, कारण त्याच्या पोटात तळघर आहे. पायऱ्या उतरलो. छत इतकं जवळ की भाच्याने मान वाकवली. बारीक खांबांवर कमानींची जाळी, खांबही वेगवेगळ्या जाडीचे. एका खांबाच्या माथ्यावर हात ठेवला. टाकीचे घाव अजून बोटांना लागत होते, तिरपे, एका दिशेने. करणारा उजवा होता. हजार वर्षांत त्यावर कितीतरी हात फिरले असतील, तरी ते घाव पुसलेले नाहीत. बाहेर धुक्याचा गारठा, आत दगडाचा गारठा, आणि मी शाल खोलीवर विसरले होते.

इतकं रिकामं का, याचं सगळं श्रेय गवंड्यांना देऊ नये. १७१४ नंतर गड सरकारी फौजेचा झाला. आधी पाद्री हलले, मग चर्च कोठार आणि सैनिकांची बराक झालं. जिथे घुमटाखाली प्रार्थना चालायची तिथे गोण्या रचल्या आणि खाटा पडल्या. ड्यूक घराण्याच्या थडग्यांची मोडतोड झाली, त्यांचे उरलेले भाग तेवढे दिसतात. विसाव्या शतकात बराकींच्या भिंती काढून मूळ चर्च बाहेर काढलं. म्हणजे आपण ज्या साधेपणाने भारावतो त्यात अकराव्या शतकाचा संयम किती आणि शिपायांचा धसमुसळेपणा किती, हे वेगळं काढणं अवघड. पुढे १९६४-६५ च्या सुमारास अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सला शेक्सपिअरच्या हेन्री राजांवरच्या चित्रपटासाठी दरबार हवा होता, तेव्हा त्याने हेच चर्च निवडलं. इंग्लंडचा राजवाडा म्हणून कातालोनियाचं चर्च! पण त्या दगडात काही केल्या खोटं वाटत नाही, हे त्याने बरोबर ओळखलं.

चर्चच्या दाराबाहेरच्या ओसरीच्या छतावर आणि भिंतींवर पूर्वी चित्रं होती. ती मूळ चित्रं आता इथे नाहीत, बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहेत. मी भाच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "शनिवारी जाऊ. तीननंतर फुकट असतं."

मग तोरे दे ला मिन्योना. मिन्योना म्हणजे पोरगी. अकराव्या शतकातला गोल बुरूज, दहा मीटरच्या वर व्यास, पंधराएक मीटर उंच. दंतकथा अशी की व्हायकाउंटची मुलगी आदालेस माल्दाच्या मुसलमान किल्लेदाराच्या, अब्दल्लाच्या प्रेमात पडली. घरच्यांनी तिला या बुरुजात कोंडलं, सेवेला एक मुका चाकर दिला, आणि वर्षाच्या आत ती झुरून मेली. मार्गदर्शकाने ही कथा खूप रंगवली. चर्चपेक्षा जास्त वेळ दिला. सगळ्यांनी फोटो काढले. माझी कुरकुर एवढीच की सनदेत परक्याची बायको घेऊन आलेल्या माणसाला अभय देणारा हा गड. तिथे धन्याच्या मुलीला मात्र अभय नाही. दंतकथा असेल, पण जिने ही रचली तिला सनद पाठ असावी.

गडावर संत रामोन नोनातचं छोटं प्रार्थनास्थळ आहे. १२४० साली त्याने इथे प्राण सोडला. 'नोनात' म्हणजे 'न जन्मलेला'. आई आधीच वारली होती, मूल पोट चिरून काढलं, म्हणून हे नाव. सुइणींचा आणि गरोदर बायकांचा तो संत. तिथे कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. अख्ख्या गडावर आजही कुणी काही मागायला येतं अशी मला दिसलेली ती एकच जागा.

दुपारी तटावर बसलो. धुकं एव्हाना विरलं होतं. खाली कार्देनेर नदीचं वळण, गावाची कौलं, आणि डावीकडे राखाडी-पांढरा, सुरकुतलेला, ओबडधोबड उतार. तोच मिठाचा डोंगर. उद्याचा.

भाच्याने विचारलं, "१७१४ चं काय? इथल्या ऑफिसात सगळे सारखं १७१४ म्हणतात." स्पेनच्या गादीचा वाद. एका बाजूला फ्रान्सच्या राजाचा नातू फिलिप, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाचा चार्ल्स. कातालान लोक चार्ल्सच्या बाजूने उभे राहिले. १७११ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फिलिपच्या आणि फ्रेंचांच्या फौजेने कार्दोनाला वेढा घातला, गाव फोडलं, पण गड पडला नाही. नाताळच्या तोंडावर कुमक आली आणि वेढा उठला. पण त्याच वर्षी चार्ल्सला ऑस्ट्रियाचं मोठं सिंहासन मिळालं, पुढे इंग्रजांनी तह केला, आणि कातालान एकटे पडले. ११ सप्टेंबर १७१४ ला बार्सिलोना पडलं. कार्दोना आणखी एक आठवडा उभं होतं. १८ सप्टेंबरला गडाचा अधिकारी मानुएल देस्वाल्स याने करार करून गड खाली केला.

"खाल्ल्या मिठाला जागले," भाचा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला.

वाक्य चांगलं होतं, मी दाद दिली. पण वर्गात मी हे असं शिकवलं नसतं. राजधानी पडल्यावर एक आठवड्यात शर्ती घालून गड देणारा माणूस मला जास्त कळतो. पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले दिले ते काय हौसेने? गड कधी द्यायचा हेही किल्लेदाराला कळावं लागतं. गावकरी मात्र अभिमानाने सांगतात की हा गड लढून कुणीच घेतला नाही. १८१० साली नेपोलियनच्या फौजेलाही तो घेता आला नाही. तट बघितल्यावर खोटं वाटत नाही.

गडाच्या एका भागात १९७६ पासून सरकारी पॅराडोर आहे, म्हणजे ऐतिहासिक वास्तूतलं हॉटेल. तिथल्या दरात आम्ही खाली तीन रात्री राहिलो असतो, म्हणून नुसती कॉफी घेतली. रात्री खोलीवर महालक्ष्मीची कहाणी मोबाइलवर वाचली आणि उपास सोडला तो मनुका आणि चिलगोजे घातलेल्या पालकाच्या भाजीवर. वाढणाऱ्या मुलीला मीठ मागितलं. तिने बारीक मिठाची डबी आणली. कार्दोनाचं का, विचारलं. हसली. डबीवर दुसऱ्याच गावाचं नाव होतं.

शुक्रवार

मिठाच्या डोंगराकडे जायला गावाबाहेर खाणीच्या जुन्या आवारात जावं लागतं. लिफ्टचा लोखंडी मनोरा, गंजलेले डबे, यंत्रघर. १९२९ ते १९९० इथे पोटॅशची खाण चालली, तेराशे मीटरच्या आसपास खोल. पोटॅश खतासाठी. खाण बंद झाली तेव्हा गावाच्या पोटावर पाय आला. २००३ पासून मात्र तिथे पर्यटकांना नेतात. डोक्यावर शिरस्त्राण, मोठ्या गाडीतून उतार, मग पायी.

भूगोलाच्या बाईला यापेक्षा काय हवं? चार कोटी वर्षांमागे इथे समुद्राचं बंदिस्त पाणी होतं. ते आटलं, मीठ बसलं, वर माती-दगडांचे थर साचले. मीठ हलकं आणि दाबाखाली पिठाच्या गोळ्यासारखं वागणारं. पिरिनीज पर्वत उचलला गेला तेव्हा सगळीकडून दाबलं गेलेलं हे मीठ फटीतून वर चढत आलं आणि जमीन फोडून बाहेर पडलं. दोन किलोमीटर खोलवर त्याची मुळं आहेत. वर दिसतं ते नुसतं डोकं, सव्वाशे मीटरच्या आसपासचं. पावसाने झिजतं, खालून ढकललं जातं. नवाश्मयुगातल्या माणसांनीही दगडी हत्यारांनी ते तोडल्याच्या खुणा सापडल्या आहेत.

पृष्ठभागापासून ८६ मीटर खाली, अर्धा किलोमीटर बोगद्यांतून फिरवतात. भिंती पट्ट्यापट्ट्यांच्या. पांढरा, करडा, मध्येच गाजरासारखा तांबडा. पट्टे सरळ नाहीत, घडी घातलेल्या लुगड्यासारखे वळलेले. आणि छतावरून लोंबणारे पांढरे दांडे, काही बोटाएवढे, काही सरळ येऊन मध्येच कोंबडीच्या पायासारखे वाकडे गेलेले.

इथे मी जोरात हसले. तीस वर्षं मी मुलांना 'अधोमुखी लवणस्तंभ' आणि 'ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ' पाठ करून घेतले. पुस्तकात ते चुनखडीच्या गुहेत असतात. दरवर्षी एखादं चोखंदळ पोर विचारायचं, "बाई, चुना आहे तर लवण का म्हणायचं?" आणि मी म्हणायचे, "परिभाषा आहे, लिहून घे." निवृत्तीनंतर मला पहिल्यांदा खरा लवणस्तंभ भेटला. भाच्याला हे समजावून सांगेपर्यंत गट पुढे गेला होता.

मागे राहिलोच होतो, म्हणून मी बोट ओलं करून भिंतीला लावलं आणि चाखलं. कडक, जरा तुरट, आणि जिभेवर बराच वेळ राहणारं. माझ्या डबीतल्या सैंधवाचं सख्खं भावंड. त्यालाही कधीतरी असाच समुद्र होता.

तिथे उभी असताना शिवाजी महाराजांचं मिठाबद्दलचं पत्र आठवलं. १६७१ साली त्यांनी कुडाळच्या सुभेदाराला, नरहरी आनंदरावांना लिहिलं की बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीज गोव्याचं मीठ स्वस्त पडतंय, त्यावर जकात बसवा, नाहीतर आपल्या संगमेश्वराकडचं मीठ कुणी घेणार नाही. गडकोटांच्या गोष्टी सांगताना आपण तलवारीवर थांबतो. इथे गड बघायला आले आणि दोन दिवस मिठाच्याच जमाखर्चात अडकले, याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

बाहेर आल्यावर दुकानात मिठाच्या कोरीव वस्तू होत्या. गडाची प्रतिकृती, घुबडं, दिवे. इथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे करत आले आहेत. मी नुसता एक न कोरलेला खडा घेतला, मुठीत मावेल एवढा. संध्याकाळी नदीवरचा 'सैतानाचा पूल' बघितला. पंधराव्या शतकात सुरू केला आणि अर्ध्यात सोडला. कमानी पात्रात येतात आणि थांबतात. सैतानाची गोष्ट आहेच, ऐकली. पैसे संपले असणार, असं माझं मत.

शनिवार

बार्सिलोनात तीनच्या रांगेत सव्वातीनला लागलो. मोंजुइकच्या टेकडीवरच्या त्या संग्रहालयात रोमानेस्क, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांतल्या शैलीची चित्रं भिंतीसकट आणल्यासारखी लावली आहेत. डोंगरातल्या एका चर्चमधलं चित्र परदेशी विकलं गेलं आणि आता ते बॉस्टनमध्ये आहे. असं पुन्हा होऊ नये म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात इटालियन कारागीर बोलावले. चित्रावर कापड चिकटवायचं, वाळलं की रंगाचा थर कापडाबरोबर सोलून घ्यायचा, गुंडाळायचा, खेचरावर लादून डोंगर उतरवायचा. ताउलच्या चर्चमधला प्रचंड डोळ्यांचा ख्रिस्त असाच उतरला. त्याच्यापुढे गर्दी होती.

कार्दोनाची ओसरी शोधायला वेळ लागला. तिच्यापुढे आम्ही दोघंच. १२८५ साली फ्रान्सच्या राजाने जिरोनाला वेढा घातला, तेव्हा शहराच्या बचावाची जबाबदारी कार्दोनाच्या रामोन फोल्कवर होती. परतल्यावर घराण्याने तो प्रसंग आपल्या चर्चच्या दारात रंगवून घेतला. तट, घोडे, ढाली. रंग बरेच उडालेले. ढालींवर आणि झुलींवर कार्दोनाचं चिन्ह शोधायचं असतं. त्यांच्या चिन्हात कार्डो नावाचं काटेरी फूल असतं, गावाच्या नावाशी जुळणारं. जिरोनाची दंतकथा अशी की फ्रेंचांनी संत नार्सिसची शवपेटी फोडली तेव्हा आतून माश्यांचे थवे निघाले आणि त्यांनी फौजेला पळवलं. मी माश्या शोधत बसले.

"मावशी, तो ठिपका?"

"तो पापुद्रा उडालाय."

"आणि तो?"

तो निश्चित माशी नव्हता. पण ठिपके पुष्कळ होते आणि संग्रहालय बंद व्हायला अजून अवकाश होता. पर्समधला मिठाचा खडा मोजे गुंडाळून ठेवला होता, तो दाराशी क्ष-किरणाच्या यंत्रातून गेला तेव्हा शिपायाने बाहेर काढायला लावला होता. मी म्हटलं, कार्दोना. त्याने तो हातात घेऊन तोलला, नाकाशी नेला, आणि परत देताना अंगठा चाटला.